चोक ओढला की नेमके काय होते?

जानेवारीतील पहाट आहे. भंडारा जिल्ह्यातील एका राईस मिलच्या आवारात धानाचे कट्टे वाहणारा जुना पेट्रोल ट्रक रात्रभर उघड्यावर उभा आहे. पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरलेला, बॉनेटवर दव साचलेले. ड्रायव्हर केबिनमध्ये चढतो. समोरच्या पत्र्यावर दोन काळ्या घुंड्या आहेत. एक तो पूर्ण बाहेर ओढतो, दुसरी बोटभर. मग खाली उतरून, चावी बंद असतानाच, पुढचे लोखंडी हँडल तीन-चार वेळा सावकाश फिरवतो. पुन्हा वर जाऊन चावी लावतो, पुन्हा खाली येतो आणि या वेळी हँडलला जोराचा हिसका देतो. इंजिन खोकते, काळा धूर सोडते आणि सुरू होते. ड्रायव्हर लगबगीने केबिनकडे जाऊन पहिली घुंडी अर्धी आत ढकलतो आणि आवाज ऐकत उभा राहतो. काही मिनिटांनी ती घुंडी पूर्ण आत जाते.

१९८० च्या दशकात, शाळेत असताना, हे दृश्य मी अनेकदा पाहिले. पहिल्या घुंडीला सारे ‘चोक’ म्हणत आणि दुसरीला ‘रेसची घुंडी’. पुस्तकातील तिचे नाव हँड थ्रॉटल. ‘‘काका, चोक कशाला ओढता?’’ असे मी एकदा विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘थंडीत इंजिनले भूक जास्त लागते बाबू.’’ पुढे कॉलेजच्या पुस्तकात वाचले की, चोकमुळे मिश्रणातील इंधनाचे प्रमाण वाढते. दोन्ही उत्तरे एकच गोष्ट सांगतात आणि दोन्ही अर्धीच आहेत. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल का लागावे? या प्रश्नाच्या मागे लागलो, की बाष्पीभवन, हवेचा दाब, ज्वलन आणि रासायनिक समीकरण हे आपण वेगवेगळे शिकवतो ते चार धडे एका घुंडीपाशी एकत्र येतात.

हे ट्रक आले कोठून?

मुंबईत फोर्ड कंपनीने १९२६ साली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली परदेशातून सुटे भाग आणून मोटारी जोडण्यास सुरुवात केली. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी असंख्य ट्रक देशात आले आणि युद्ध संपल्यावर ते विक्रीला निघाले. ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणून जुनी माणसे ज्यांचा उल्लेख करतात, त्या याच. १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. या पिढीतील बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालत. बॉनेट पुढे आलेले, हँडल मारून सुरू करता येणारे आणि चोक व थ्रॉटलच्या घुंड्या असलेले असे ते ट्रक होते.

१९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवण्यास सुरुवात केली. एका लिटरमध्ये डिझेल ट्रक अधिक अंतर कापतो, त्यामुळे मुंबई–कोलकाता महामार्गावर भंडारा, लाखनी, साकोली या पट्ट्यातून जाणारी मालवाहतूक हळूहळू डिझेलवर गेली. १९८२ साली तर भंडाऱ्याजवळ गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखानाच उभा राहिला. जुने पेट्रोल ट्रक मग लांबच्या प्रवासातून निवृत्त होऊन गिरण्यांच्या आणि लाकडाच्या वखारींच्या आवारात हलकी कामे करू लागले. मी पाहिलेला ट्रक त्यांपैकीच एक.

एक कोडे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेट्रोल हा अत्यंत ज्वालाग्राही द्रव आहे. उघड्या भांड्यातील पेट्रोलजवळ ठिणगी नेली, तर उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी सुमारे ३५ अंशांहून अधिक तापमान लागते. भंडाऱ्याची थंडी कितीही बोचरी असली, तरी ती उणे ४० पासून खूप दूर आहे. मग उणे ४० अंशांना पेटणारे पेट्रोल १२ अंशांना इंजिनात का पेटत नाही?

कोड्याची उकल ‘वाफ’ या शब्दात आहे. पेट्रोल हा द्रव जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तीही केवळ असून भागत नाही, हवेच्या विशिष्ट प्रमाणात असावी लागते. हे प्रमाण वर्गात काढून पाहता येते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, त्यांतील ऑक्टेन हा नमुना म्हणून घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे आठ व पाण्याचे नऊ रेणू तयार होतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेच्या वजनात ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो. त्यामुळे ४०० ग्रॅम ऑक्सिजनसाठी सुमारे १,७४० ग्रॅम हवा हवी. ११४ ने भागले, की उत्तर येते १५ च्या आसपास. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा १४.७ धरतात. एक किलो पेट्रोल नीट जाळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते.

हवा वीस पटींहून बरीच अधिक झाली तर मिश्रण इतके विरळ होते, की ठिणगीने ते पेटत नाही. ती सात-आठ पटींहून कमी झाली तर वाफ इतकी दाट होते, की ऑक्सिजन पुरत नाही. इंजिन चालते ते या दोन मर्यादांमधल्या पट्ट्यात.

उघड्या भांड्यातील पेट्रोलला वाफ होण्यास भरपूर वेळ मिळतो. त्या वाफेवरून वेगाने वाहणारी हवाही नसते. इंजिनात मात्र दट्ट्या हवा आत ओढतो आणि तेवढ्या अवधीतच पेट्रोलची वाफ व्हावी लागते. चालू इंजिनात हा अवधी सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. तरीही ते काम होते, कारण हवा जाण्याची नळी आणि सिलिंडरच्या भिंती तापलेल्या असतात. थंड इंजिनात ही ऊब नसते.

त्यात आणखी एक अडचण आहे. बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती जवळच्या वस्तूंतून घेतली जाते. हातावर स्पिरिट लावल्यावर गार का वाटते, हे आपण मुलांना शिकवतोच. पंधरा किलो हवेत एक किलो पेट्रोलची पूर्ण वाफ झाली आणि बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर मिश्रणाचे तापमान सुमारे २० अंशांनी उतरते. म्हणजे १२ अंशांची हवा शून्याखाली जाईल! वाफ होऊ लागली की गारवा वाढतो आणि गारवा वाढला की पुढची वाफ होणे अवघड होते.

पेट्रोलमध्ये सुमारे ३५ अंशांना उकळणाऱ्या घटकांपासून २०० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या घटकांपर्यंत अनेक घटक असतात. थंड इंजिनात फक्त हलक्या घटकांची वाफ होते. जड घटक थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टाकीतले पेट्रोल ‘मेले’ असे ड्रायव्हर म्हणत, त्यामागचे कारणही हेच होय. हलके घटक उडून गेलेले असतात आणि उरलेल्या पेट्रोलची थंडीत वाफ होत नाही.

कार्बुरेटरची अडचण

जुन्या ट्रकमध्ये हवा आणि पेट्रोल यांची गाठ कार्बुरेटरमध्ये पडे. त्याची रचना साधी आहे. हवा जाण्याच्या नळीचा एक भाग मध्येच अरुंद केलेला असतो. अरुंद भागात हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. स्विस गणिती डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली मांडलेल्या विचाराचाच हा परिणाम आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांच्यावरून या अरुंद भागाला व्हेंच्युरी म्हणतात. येथे एका बारीक तोटीचे टोक आणलेले असते. तोटीतील पेट्रोलची पातळी तिच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खाली ठेवतात, नाहीतर उभ्या गाडीतही पेट्रोल सांडत राहील. हवा वेगाने जाऊ लागली, की अरुंद भागातला दाब उतरतो आणि पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचे तुषार हवेत मिसळतात.

आता एक हिशेब करू. समजा, चालू इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि हँडलने ते जेमतेम ६० फेरे फिरते. म्हणजे वेग पंचवीस पट कमी झाला, हवेचा प्रवाहही साधारण तितकाच घटला. पण दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे सव्वासहाशे पट कमी होते! एवढ्या क्षीण ओढीने पेट्रोल ते काही मिलिमीटरसुद्धा चढत नाही.

थंडीतील पहाटे अशा दोन अडचणी एकदम येतात. पेट्रोल पुरेसे वर येत नाही आणि जे येते त्याचीही पुरेशी वाफ होत नाही.

चोक काय करतो?

चोक म्हणजे व्हेंच्युरीच्या अलीकडे, हवा आत येण्याच्या तोंडाशी बसवलेली एक गोल चकती. घुंडी ओढली की तार ताणली जाते आणि ही चकती फिरून हवेची वाट जवळजवळ बंद करते. इंजिनाची खरोखर घुसमट होते आणि हेच या इंग्रजी नावाचे मूळ. वरून हवा येत नसल्यामुळे दट्ट्यांची सारी ओढ आता पेट्रोलच्या तोटीवर पडते आणि पेट्रोल भसाभस वर येते.

समजा, आता तीन किलो हवेमागे एक किलो पेट्रोल येत आहे. हे प्रमाण ज्वलनाच्या पट्ट्याबाहेर आहे. कागदावर पाहिले तर इंजिन पेट घेणारच नाही. पण थंडीत या पेट्रोलच्या केवळ पाचव्या भागाची वाफ झाली, तर तीन किलो हवेत २०० ग्रॅम वाफ असेल. तीन भागिले ०.२, उत्तर पंधरा! ठिणगीच्या दृष्टीने मिश्रण अगदी योग्य आहे, कारण ठिणगीचा संबंध वाफेशी येतो. उरलेले चार भाग पेट्रोल ओले राहून वाया जाते.

ड्रायव्हरकाकांच्या वाक्यात म्हणूनच थोडी दुरुस्ती करावी लागते. थंडीत इंजिनाला भूक जास्त लागत नाही. ताटात वाढलेल्यातले त्याला थोडेच खाता येते, म्हणून जास्त वाढावे लागते. इंजिन तापू लागले, की तेच पेट्रोल अधिकाधिक वाफ होऊन येते. आता तेवढेच वाढत राहिलो, तर मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरेल. म्हणून इंजिन सुरू होताच घुंडी अर्धी आत जाते आणि मग हळूहळू पूर्ण. सुरुवातीला चावी बंद ठेवून हँडल का फिरवतात, हेही आता कळेल. ठिणगी पडण्यापूर्वी नळीत आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल व त्याची वाफ भरून घ्यायची असते.

दुसरी घुंडी कशासाठी?

थ्रॉटल हीसुद्धा एक चकतीच, पण ती व्हेंच्युरीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असते. पायाखालच्या पॅडलने आपण हीच चकती उघडतो. चोक हवेला पेट्रोलकडे येण्यापासून अडवतो, तर थ्रॉटल तयार मिश्रणाला इंजिनाकडे जाण्यापासून अडवतो. या दोन झडपांची अदलाबदल मुलेच काय, मोठी माणसेही करतात. फळ्यावर नळी काढून वरची व खालची झडप दाखवली, की घोटाळा राहत नाही.

रेसची घुंडी बोटभर ओढण्याची गरज येथेच समजते. थ्रॉटल अगदी बंद असेल, तर दट्ट्यांची ओढ तोटीपर्यंत पोहोचणारच नाही आणि चोक ओढूनही उपयोग होणार नाही. शिवाय एकटा माणूस ट्रकपुढे उभा राहून हँडल मारत असेल, तर पॅडल कोण दाबणार? घुंडी थ्रॉटलला हवे तेथे धरून ठेवते. थंड इंजिनात तेल घट्ट असल्याने घर्षण अधिक असते. थ्रॉटल थोडी उघडी ठेवल्याने इंजिन बंद न पडता तापू शकते. ट्रकच्या इंजिनावर एखादा पंप किंवा दोर गुंडाळण्याचे यंत्र चालवायचे असले, तरी हीच घुंडी उपयोगी पडे.

पॅडल पाय काढताच मागे येते, घुंडी येत नाही. म्हणून गाडी रस्त्यावर घेण्यापूर्वी घुंडी आत गेली आहे ना, हे पाहणे आवश्यक असे. हँडलचीही एक शिस्त होती. ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलटा हिसका देते. ‘‘अंगठा बोटाईसंगं ठेव बाबू, नाही तं हात जाईल,’’ हे मी तेथेच ऐकले. अंगठा मुठीच्या दुसऱ्या बाजूला नसला, तर उलट्या हिसक्याने हँडल हातातून निसटते आणि मनगट वाचते. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला, त्यामागे हँडलमुळे होणाऱ्या इजा हे एक मोठे कारण होते.

चोक विसरला तर

माझ्या आठवणीतला एक प्रसंग येथे सांगायला हवा. पावसाळी गारठ्याची सकाळ होती. ट्रक मिलच्या शेडमध्ये उभा होता आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून दारे लावून घेतली होती. चोक अर्धा ओढून, रेसची घुंडी लावून इंजिन तापत ठेवले होते आणि ड्रायव्हर चहाला गेला होता. आत कट्टे रचणाऱ्या दोन हमालांपैकी एकाचे डोके दुखू लागले, थोड्या वेळाने तो खाली बसला आणि मग कोसळला. दुसऱ्याने आरडाओरडा केला. लोकांनी त्याला ओढत बाहेर आणले. उघड्या हवेत तो सावरला. उपाशीपोटी काम केल्याने चक्कर आली, असे सर्वांनी ठरवले आणि विषय संपला. मलाही तेव्हा ते पटले होते.

नेमके काय झाले होते, ते वर काढलेल्या समीकरणातच आहे. हवा पुरेशी असेल, तर पेट्रोलमधील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. चोकमुळे हवा कमी पडते, कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळत नाहीत आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. चोक ओढलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात तो पाच ते दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. हवेच्या हजार भागांत एक भाग इतका कार्बन मोनॉक्साइड असला, तरी एक-दोन तासांत जीव धोक्यात येतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. काळा धूर डोळ्यांना दिसतो, पेट्रोलचा वास नाकाला येतो, पण मारणारा वायू दोन्हींना कळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे उपाशीपोटीच्या चक्करीसारखीच असल्यामुळे फसगत होते.

ही गोष्ट जुन्या ट्रकबरोबर संपलेली नाही. लग्नमंडपातील किंवा दुकानातील लहान पेट्रोल जनरेटर, धानावर फवारणी करण्याचा पाठीवरचा पेट्रोल पंप, गवत कापण्याचे यंत्र, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवण्याचे पाण्याचे पंप यांपैकी कित्येकांवर चोकचा खटका आजही आहे. पाऊस किंवा चोरी यांच्या भीतीने जनरेटर खोलीत घेऊन दार लावणे, हे जीवघेणे ठरू शकते. बंद जागेत इंजिन चालवू नये आणि चोक ओढलेले तर मुळीच नाही, एवढी एक गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली, तरी हा पाठ सार्थकी लागला असे म्हणता येईल.

चोक विसरण्याचे इतर तोटेही आहेत. ओले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन टाकते, त्यामुळे दट्ट्याच्या कड्या लवकर झिजतात. ते खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. प्लग ओले झाले, की ठिणगीच पडत नाही. अशा वेळी ड्रायव्हर चोक पूर्ण आत ढकलत, थ्रॉटल पूर्ण उघडत आणि हँडल फिरवून नुसती हवा खेळवत. हवेबरोबर साचलेले पेट्रोल उडून जाई.

त्याच ट्रकचा मे महिना

हाच ट्रक मे महिन्यात पाहावा. भंडाऱ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चोकला हात लावावा लागत नाही, पण दुपारी चढावर इंजिन अडखळते आणि बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, ठिणगीही आहे. बिघाड असा, की बॉनेटखालच्या उष्णतेने पेट्रोलच्या हलक्या घटकांची वाफ कार्बुरेटरपर्यंत पोहोचण्याआधी, नळीत आणि पंपातच होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफेचे बुडबुडे तो नुसते दाबतो व सोडतो, पुढे काही जात नाही.

ड्रायव्हर यावर काय करीत? पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळीत. पाण्याचे बाष्पीभवन होताना पंपातील उष्णता निघून जाई, वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि ट्रक चालू लागे. जानेवारीत वाफ कमी पडते म्हणून चोक, मेमध्ये वाफ नको तेथे होते म्हणून ओले फडके. नको असलेले बाष्पीभवन थांबवण्यासाठी दुसऱ्या बाष्पीभवनाचा उपयोग! बाष्पीभवनाचा धडा शिकवण्यास याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आता चोक कोठे गेला?

डिझेल इंजिनाला चोक नसतो. त्यात दट्ट्या नुसती हवा इतकी दाबतो, की ती ५०० अंशांच्या पुढे तापते आणि त्या हवेत डिझेल फवारताच ते आपोआप पेटते. हवा पूर्ण येऊ द्यायची आणि डिझेलचे प्रमाण बदलायचे, असा तेथील व्यवहार आहे. जुन्या डिझेल ट्रकवरही ओढण्याची घुंडी दिसते आणि तिला कोणी चोक म्हणतात. पण ती बहुधा डिझेल तोडून इंजिन बंद करण्याची असते. स्कूटर-मोटरसायकलींच्या ‘चोक’मध्येही पुष्कळदा हवा अडवणारी चकती नसते, तर जास्तीचे पेट्रोल देणारी वेगळी वाट उघडते. नाव राहिले, रचना बदलली.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता तापमानाबरोबर विद्युत रोध बदलणारा एक लहानसा संवेदक इंजिन किती थंड आहे हे सांगतो आणि त्यानुसार संगणक पेट्रोल फवारण्याचा काळ वाढवतो. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे दुसरा संवेदक मोजतो. म्हणजे जास्त पेट्रोल देण्याची गरज संपलेली नाही. ती ओळखणारा मात्र बदलला आहे. पूर्वी संवेदक होता ड्रायव्हरचा कान. इंजिन अडखळले तर घुंडी थोडी बाहेर, आवाज जड होऊन काळा धूर आला तर थोडी आत. मोजा, तुलना करा, दुरुस्त करा हे नियंत्रणाचे चक्र तो माणूस रोज पहाटे पूर्ण करीत होता.

इंधनही बदलते आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. कार्बुरेटर असलेली छोटी इंजिने थंडीत चोक अधिक वेळ मागू लागली, तर त्यात नवल वाटू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

पेट्रोल वर्गात आणू नये. त्याची गरजही नाही.

पहिला प्रयोग शीतपेयाच्या नळीचा. नळीला पाण्याच्या पातळीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढे भोक पाडा आणि पाणी ओढून पाहा. तोंडात हवाच येते. आता भोकावर बोट ठेवा. त्याच ओढीने पाणी वर येते. बोट अर्धे सरकवले, की हवा व पाणी मिसळून येते. तोंड म्हणजे दट्ट्या, भोक म्हणजे हवेची वाट आणि बोट म्हणजे चोक.

दुसरा प्रयोग दोन स्टीलच्या ताटल्यांचा. एक गार पाण्यावर, दुसरी कोमट पाण्यावर ठेवा आणि दोन्हींवर स्पिरिटचे सारखे थेंब टाका. आसपास ज्योत नको. कोणता थेंब किती सेकंदांत नाहीसा होतो, ते मुलांना मोजू द्या. गार ताटलीवर तेवढ्याच वेळात तेवढीच वाफ मिळवायची असेल, तर काय करावे, असे विचारा. ‘जास्त थेंब टाकावेत’ असे कोणी म्हणाले, की त्या मुलाने चोकचा शोध लावला असे समजावे.

तिसरे काम गृहपाठाचे. गावातील गॅरेजमध्ये किंवा घरातील आजोबांकडे जाऊन चोक, हँडल, ओले फडके यांविषयी विचारून यावे. आपल्या वर्गात मेकॅनिकची, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची, मिलमध्ये काम करणाऱ्यांची मुले असतात. बाष्पीभवनाच्या धड्यात ती एरवी मागे पडतात. या धड्याला त्यांच्याकडे पुस्तकापेक्षा अधिक माहिती असेल आणि ‘असे का?’ हा प्रश्न जोडून देण्याचे काम तेवढे आपले असेल.